दारू आणि ड्रग्समुळे माणसाच्या आयुष्यात काय काय बिघडतं: गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिचोली, पेडणे, वाळपई, फोंडा या बाजूच्या घरांतून जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र लिहून ठेवतेय. विचारणारी बहुतेक वेळा बायको असते, नाहीतर आई, नाहीतर बारावीतली मोठी मुलगी, आणि प्रश्न जवळजवळ नेहमीच काही वर्षं उशिरा आलेला असतो. हा उशीर कमी व्हावा म्हणून हे सगळं. मी डॉक्टर नाही, औषधाचं शेवटचं डॉक्टरच सांगणार, पण त्यांच्याकडे पोचेपर्यंत घरच्यांना जे माहीत असायला हवं ते लिहिलंय.

गोव्यात तर सगळेच घेतात. मग प्रॉब्लेम आहे असं कधी म्हणायचं?

सगळे घेत नाहीत, हे पहिलं. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेला देशभराचा सर्व्हे २०१९ मध्ये आला, त्यात दारू पिणाऱ्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त असलेल्या राज्यांत छत्तीसगड, त्रिपुरा, पंजाब, अरुणाचल यांच्यासोबत गोवा आहे ते खरंय, पण इथेही न पिणारी माणसं घराघरात आहेत. फक्त आपल्याकडे बारसं असो, लग्न असो, चवथीला मुंबईहून भाऊ आलेला असो, शिगमो असो, बाटली इतकी सहज निघते की कोण किती घेतोय ते कोणी मोजत नाही. आणि म्हणूनच दुसरीकडे जे दोन वर्षांत लक्षात येतं ते इथे दहा वर्षांत येतं.

डॉक्टर साधारण चार गोष्टी विचारतात. कमी करायला हवी असं स्वतःला कधी वाटलंय का, कोणी पिण्यावरून बोललं की राग येतो का, पिण्याबद्दल मनात अपराधी वाटतं का, आणि सकाळी उठल्यावर हात स्थिर व्हायला किंवा डोकं ठिकाणावर यायला घ्यावी लागते का. दोन किंवा जास्त उत्तरं हो असतील तर नीट तपासून घ्यायची वेळ झालीये. चौथं एकटं हो असलं तरी थांबू नका.

नवरा रोज कामाला जातो, पगार आणून देतो, शिव्या देत नाही, शांतपणे घेतो आणि झोपतो. याला व्यसन कसं म्हणायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्या डोक्यात दारुड्या म्हणजे गटारात पडलेला, बायकोला मारणारा असा असतो आणि आपल्या घरातला माणूस तसा नसला की आपण निर्धास्त होतो. पण व्यसन कामाला जाण्या न जाण्यावर ठरत नाही. पूर्वी दोन पेगमध्ये भागायचं आता पाच लागतात, संध्याकाळी सहा वाजले की चुळबुळ सुरू होते, ज्या लग्नात दारू नाही तिथून लवकर निघायचं असतं, बाटली कपाटात, गाडीच्या डिकीत, माडीवर लपवलेली सापडते, मुलांच्या शाळेतल्या कार्यक्रमाला येतो म्हणून येत नाही. ही सगळी लक्षणं आहेत आणि ती पगार येत असतानाच दिसतात. या टप्प्यावर उपचार सगळ्यात सोपे असतात, आणि याच टप्प्यावर कोणी येत नाही. त्याच एम्सच्या सर्व्हेप्रमाणे दारूवर अवलंबून झालेल्या साधारण ३८ लोकांमागे फक्त १ जण कसलातरी उपचार घेतो.

आमचा फक्त बियर घेतो, आणि सीझनला उर्राक. ती कुठे खरी दारू?

शरीराला बाटलीवरचं लेबल कळत नाही, आत अल्कोहोल किती गेलं तेवढंच कळतं. १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक युनिट असं धरतात. ३० एमएलचा व्हिस्की रमचा पेग म्हणजे साधारण एक युनिट, ६० चा म्हणजे दोन. आता स्ट्राँग बियरची ६५० एमएलची बाटली घ्या, ८ टक्क्यांची, तिच्यात जवळपास ४ युनिट असतात, म्हणजे दोन बाटल्या बियर पिणारा माणूस चार मोठे पेग मारून उठतो आणि म्हणतो मी दारूला हात लावत नाही. उर्राक हा काजूच्या रसाचा पहिला उतारा, फेणीपेक्षा सौम्य, म्हणून तो लिंबू, लिम्का घालून मोठमोठ्या ग्लासात सरबतासारखा जातो आणि हिशोब राहत नाही. फेणी तर ४२ टक्क्यांच्या वरच असते. फेणीला २००९ मध्ये जीआय मानांकन मिळालं, आपल्या मातीची आहे, त्याचा अभिमान असावा, पण औषधी आहे, पोट साफ करते, सर्दीला चांगली वगैरे म्हणून रोज घेणं हे स्वतःला फसवणं झालं.

शरीरात नक्की काय काय होतं?

लिव्हरचं सगळ्यांना माहीत असतं म्हणून तिथूनच सुरू करते. आधी चरबी साठते, फॅटी लिव्हर, यात काही दुखत नाही, सोनोग्राफीत कळतं, आणि या वेळी दारू पूर्ण थांबवली तर काही आठवड्यांत लिव्हर बऱ्यापैकी पूर्ववत होतं. नाही थांबवली तर सूज, कावीळ, आणि मग सिरोसिस, म्हणजे लिव्हरचा जिवंत भाग जाऊन तिथे व्रण होतात. मग पोटात पाणी भरतं, पाय सुजतात, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या नसा फुटून रक्ताची उलटी होते. सिरोसिस झाल्यावरही दारू सोडण्याचा फायदा असतोच, पण गेलेलं सगळं परत येत नाही.

पण फक्त लिव्हर टेस्ट नॉर्मल आली म्हणून सुटलो असं समजू नका. बीपी वाढतं, हृदयाचे ठोके अनियमित होतात, स्वादुपिंडाला सूज येते आणि ती वेदना इतकी असते की माणूस गडाबडा लोळतो, पायांच्या नसा खराब होऊन तळवे जळजळतात, पुरुषांची लैंगिक ताकद कमी होते. कॅन्सरचं तर लोक ऐकूनच घेत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने दारूला १९८८ मध्येच पहिल्या गटात टाकलंय, ज्या गटात तंबाखू आहे. तोंड, घसा, अन्ननलिका, लिव्हर, मोठं आतडं, बायकांमध्ये स्तन, अशा कमीत कमी सात प्रकारच्या कॅन्सरशी तिचा संबंध आहे. आणि २०२३ च्या जानेवारीत याच संघटनेने स्पष्ट सांगितलं की आरोग्याच्या दृष्टीने दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. रोज थोडी घेतली तर हार्टला चांगली, हे आता सोडून द्या.

आणि डोक्यावर? आमच्या काकांना हल्ली काही आठवत नाही, रचून रचून सांगतात.

काकांना लगेच दाखवा. रोज भरपूर पिणाऱ्या आणि नीट न जेवणाऱ्या माणसात थायमिन म्हणजे व्हिटॅमिन बी१ संपत जातं. मग चालताना तोल जातो, डोळे विचित्र हलतात, गोंधळ होतो, ही इमर्जन्सी असते आणि वेळेत थायमिनची इंजेक्शनं मिळाली तर माणूस सावरतो. वेळ गेली तर नवीन काही लक्षात राहणं बंद होतं आणि मधल्या जागा मेंदू काहीतरी भरून काढतो, काका खोटं बोलत नसतात, त्यांना ते खरंच वाटत असतं.

बाकी झोप बिघडते (दारूने झोप लागते पण तीन वाजता डोळे टक्क उघडतात), चिडचिड, संशय, डिप्रेशन. टेन्शन आहे म्हणून प्यायची आणि प्यायल्यामुळे टेन्शन वाढतं, यात माणूस वर्षानुवर्षं फिरत राहतो. आत्महत्येचा धोका दारूच्या अमलाखाली खूप वाढतो, म्हणून ‘मी जगून काय करू’ असं पिऊन बोलला तरी ते पिऊन बडबडला म्हणून सोडून देऊ नका. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर आहे, फुकट आहे, रात्री दोनला पण लागतो.

पण तो श्रावणात महिनाभर हात लावत नाही. म्हणजे कंट्रोल आहे ना?

श्रावण पाळणारी खूप माणसं आहेत आणि त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पण महिनाभर सोडणं हा व्यसन नसल्याचा पुरावा नाही. त्या महिन्यात तो कसा असतो ते बघा. दिवस मोजत असतो का, गटारीला चार दिवसांची एकदम घेतो का, आणि श्रावण संपताच दुप्पट वेगाने सुरू होते का. असं असेल तर दारू त्याच्या डोक्यातून गेलेली नव्हती.

यातली दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. जो माणूस रोज भरपूर पितो तो श्रावणाच्या पहिल्या दिवशी, किंवा माळ घातली म्हणून, किंवा देवाकडे गाऱ्हाणं घातलं म्हणून एका झटक्यात बंद करतो आणि तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये असतो. पुढचा प्रश्न नीट वाचा.

एकदम बंद केली तर चालेल ना? सोडायचीच आहे तर आजच.

सोडायची आजच ठरवा, पण रोज पिणाऱ्याने डॉक्टरला न विचारता एकदम बंद करू नये. मेंदूला दारूची सवय झालेली असते, ती अचानक काढून घेतली की मेंदू उसळतो. शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरणं, घाम, उलट्या, छातीत धडधड, झोप नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि साधारण दोन ते चार दिवसांच्या मध्ये काही जणांना भ्रम होतात, अंगावर किडे चढतायत, दारात माणसं उभी आहेत, दिवस रात्र कळत नाही, ताप, बीपी वर. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार नाही मिळाले तर यात माणूस मरू शकतो. गावात अजून कुठे कुठे याला ‘बाहेरचं लागलं’ समजून उतारा करत बसतात. कृपा करून तसं करू नका, हॉस्पिटलमध्ये न्या.

उपचार साधे आहेत. काही दिवस कमी कमी करत जाणारी औषधं, थायमिन, पाणी, लक्ष. पूर्वी सोडताना फिट आलेली असेल, वय जास्त असेल, लिव्हर किंवा हार्टचा आजार असेल तर अ‍ॅडमिट होऊनच सोडायची.

गाऱ्हाणं, माळ, पंढरीची वारी याने मनाला मोठा आधार मिळतो, मी पाहिलंय, तो आधार घ्याच. फक्त डॉक्टरची भेट आधी आणि माळ नंतर, एवढा क्रम ठेवा.

घरावर आणि मुलांवर काय परिणाम होतो?

पैसे आणि मारहाण यांच्याबद्दल लोक बोलतात, पण त्याच्याही आधी जातो तो विश्वास. त्याने शब्द दिलेला असतो, देवाची शपथ घेतलेली असते, मुलाच्या डोक्यावर हात ठेवलेला असतो, आणि संध्याकाळी गाडीचा आवाज ऐकून आज कसा आलाय हे घरातला प्रत्येक जण ओळखायला शिकतो. सात वर्षाचं मूल पण. अशा घरातली मुलं मित्रांना घरी बोलवत नाहीत. मोठी मुलगी आईची आई होते, धाकटा गप्प गप्प राहतो किंवा शाळेत मारामाऱ्या करतो, अभ्यासात मागे पडला की त्यालाच बोलणी बसतात. पुढे जाऊन यातल्या काहींना स्वतःला व्यसन लागण्याचा धोका जास्त असतो, थोडा रक्तातून, थोडा बघून बघून. सगळ्यांना लागतंच असं अजिबात नाही. एक जरी मोठं माणूस, आजी, मामा, शिक्षिका, त्या मुलाशी खरं बोलणारं असेल तर खूप फरक पडतो. मुलाला सांगा की बाबा आजारी आहे, ही तुझी चूक नाही आणि ते लपवणं तुझं काम नाही.

मारहाण होत असेल तर पिऊन मारलं म्हणून माफ, असं नसतं. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा नवऱ्याने पिऊन मारलं तरी तितकाच लागू आहे. १८१ ही महिलांची हेल्पलाईन, ११२ इमर्जन्सी, मुलांसाठी १०९८.

नोकरी, पैसा, गाडी?

हिशोब स्वतः करून बघा. समजा रोजचे १५० रुपये, म्हणजे गोव्याच्या भावात अगदी साधं पिणं, तरी वर्षाला ५४,७५० होतात. यात चकणा नाही, उधारी नाही, चुकलेल्या हजेऱ्या नाहीत, पडून मोडलेला फोन नाही. सत्तरी, डिचोली, सांगे भागात २०१२ ला आणि परत २०१८ ला खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रकचे हप्ते डोक्यावर घेऊन घरी बसलेली माणसं किती होती ते आपण पाहिलंय. हाताला काम नाही आणि बार वाड्यावरच, अशा वेळी थोडी थोडी घेणाऱ्याची कधी वाढते ते त्याला पण कळत नाही.

बोटीवर जाणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवा. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ड्युटीवर रक्तात ०.०५ टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल चालत नाही, बऱ्याच कंपन्या तर शून्यच मागतात, आणि ड्रग टेस्टमध्ये सापडलात तर बॅग भरून परत. एजंटांचे पैसे, कोर्सचे पैसे, सगळं गेलं.

आणि गाडी. १०० एमएल रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्यांदाच १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. लोकांना वाटतं रात्री प्यायलो, झोपलो, सकाळी क्लिअर. लिव्हर तासाला साधारण एकच युनिट काढतं. रात्री बाराला चार मोठे पेग मारून उठलेल्याच्या रक्तात सकाळी सहा सातला पण दारू असू शकते, आणि तो पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला असेल, बसचा ड्रायव्हर असेल तर त्याच्या मागे बसलेल्या माणसाचा काय दोष. कॉफी, लिंबू पाणी, थंड आंघोळ याने ते लवकर निघत नाही.

गांजा तर नैसर्गिक आहे ना, शंकराचा प्रसाद, त्याचं व्यसन लागत नाही म्हणतात.

लागतं. गांजा ओढणाऱ्यांपैकी साधारण १० मधल्या एकाला लागतं, आणि शाळा कॉलेजच्या वयात सुरू केलेल्यांत ६ मधल्या एकाला. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते म्हणून वय फार महत्त्वाचं. होतं काय की मुलगा मारामारी करत नाही, वास येत नाही, शांत असतो, म्हणून घरच्यांना वर्षभर कळत नाही, नुसतं दिसतं की अभ्यासातलं लक्ष गेलं, फुटबॉल सुटला, दिवसभर खोलीत. काही मुलांना, विशेषतः घराण्यात कोणाला मानसिक आजार असेल तर, संशय, कानात आवाज, कोणीतरी मागावर आहे असं सुरू होतं. ते दिसलं की त्याच आठवड्यात सायकियाट्रिस्टकडे.

पार्टीतल्या गोळ्या, पावडर, एमडी यांचं काय? एकदाच घेतली तर?

एकदाच घेणाऱ्याचा पण जीव गेलाय, हे खरं आहे. विकणारा जे नाव सांगतो तेच आत असेल याची कसलीच खात्री नसते. एक्स्टसीने अंगातलं तापमान वाढतं, गर्दीत नाचून नाचून शरीर तापतं, काही जण घाबरून एवढं पाणी पितात की रक्तातलं सोडियम उतरतं आणि फिट येते. कोकेनने तिशीतल्या धडधाकट माणसाला हार्ट अटॅक येऊ शकतो, आणि वर दारू असेल तर शरीरात दोन्ही मिळून तिसराच पदार्थ तयार होतो जो हृदयाला जास्त घातक. एमडी म्हणजे मेफेड्रोन, त्याची तलफ फार पटकन लागते, रात्र रात्र झोप नाही, जेवण नाही, वजन उतरतं, संशय वाढतो. झोपेच्या गोळ्या आणि दारू एकत्र, हे तर घरातल्या घरात होतं, आणि त्यात श्वास मंदावून माणूस झोपेतच जातो.

किनारपट्टीच्या शॅकमध्ये, हॉटेलांत कामाला जाणारी आपल्या गावातली मुलं, डबल शिफ्टला टिकायला म्हणून सुरू करतात. ड्रग्स हा टुरिस्टांचा प्रॉब्लेम आहे असं म्हणणं आता बंद करायला हवं.

उपचाराला गेलो तर पोलिसांकडे नाव जाईल का?

उपचार घेणं गुन्हा नाही, आणि डॉक्टर तुमची माहिती गुप्त ठेवायला बांधील असतात. १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांचा कायदा कडक आहे, नुसतं सेवन केल्याबद्दल पण पदार्थाप्रमाणे सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते, पण त्याच कायद्यात ६४ए कलम आहे, त्याप्रमाणे सेवन किंवा अल्प प्रमाण यासाठी आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल आणि ते पूर्ण करत असेल तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. केस झालेली असेल तर वकिलाला हे कलम विचाराच. मित्रांसाठी म्हणून आणलेलं, वाटलेलं, ते मात्र कायद्याला सेवन वाटत नाही, आणि व्यावसायिक प्रमाण सापडलं तर कमीत कमी दहा वर्षं.

पिऊन किंवा काही घेऊन बेशुद्ध पडला तर?

१०८ लावा. कुशीवर झोपवा, उताणा नाही, उलटी घशात जाते. श्वास बघत राहा. हलवून, चिमटा काढून उठत नसेल, श्वास मंद किंवा घरघरणारा असेल, ओठ निळे पडत असतील, फिट आली असेल तर ‘झोपून उतरेल’ म्हणत थांबू नका. तोंडात काही ओतू नका, मुद्दाम उलटी करायला लावू नका, एकटं सोडू नका. काय घेतलं ते डॉक्टरला खरं सांगा.

जेवणात गुपचूप टाकायचं औषध मिळतं. ते देऊ का?

नका देऊ. बायकांची अगतिकता कळते मला, पण यातली काही औषधं डायसल्फिरामची असतात. ते डॉक्टरच्या देखरेखीखाली, माणसाला सांगून, त्याच्या संमतीने द्यायचं औषध आहे. त्याच्यावर दारू प्यायली तर चेहरा लाल, धाप, उलट्या, बीपी एकदम खाली, आणि हृदय कमजोर असेल तर मृत्यू. ज्याला माहीतच नाही की पोटात हे गेलंय तो नेहमीसारखा बारवर जाणारच. आणि पावडरीत काय आहे ते पाकिटावर लिहिलेलंच नसेल तर ते औषध कसलं.

मग खरे उपचार काय, आणि गोव्यात कुठे?

तीन भाग असतात. आधी शरीरातून सुरक्षितपणे दारू काढणं. मग तलफ कमी करणारी औषधं, नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट वगैरे, ती कोणाला चालतील ते लिव्हर किडनी बघून डॉक्टर ठरवतात, आणि अफूजन्य पदार्थांच्या व्यसनाला ब्युप्रेनॉर्फिनसारखी वेगळी औषधं. आणि तिसरं काउन्सेलिंग, जे सगळ्यात जास्त टाळलं जातं आणि ज्याच्याशिवाय बाकीचं टिकत नाही.

बांबोळीला जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) जवळ इन्स्टिट्यूट ऑफ सायकियाट्री अँड ह्युमन बिहेवियर आहे, सरकारी आहे. वेड्यांचं हॉस्पिटल म्हणून लोक गेटवरून परत येतात, तसं करू नका, दारूच्या तक्रारी घेऊन तिथे रोज माणसं येतात. दूर पडत असेल तर आधी आपल्या प्रायमरी हेल्थ सेंटरच्या डॉक्टरला मोकळेपणाने सांगा. हे मी उगाच म्हणत नाही. गोव्यातल्याच हेल्थ सेंटरांमध्ये संगाथ या इथल्या संस्थेने एक अभ्यास केला, डॉक्टर नसलेल्या पण ट्रेनिंग दिलेल्या साध्या माणसांनी जास्त पिणाऱ्या पुरुषांशी मोजक्या बैठकांत बोलायचं, आणि ज्यांना हे मिळालं त्यांच्यात पिणं आटोक्यात आलेल्यांचं, थांबवलेल्यांचं प्रमाण जास्त निघालं. २०१७ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, जगभर वाचलं गेलं. म्हणजे वेळेत आलात तर गावातल्या गावात, अ‍ॅडमिट न होता पण फरक पडतो.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचा गट, त्याच्या मीटिंगा गोव्यात होतात, फुकट असतात, आडनाव विचारत नाहीत. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून मराठीतून हे काम करतंय, भाषेसाठी म्हणून काही कुटुंबं तिकडे जातात. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाईन १४४४६.

खाजगी रिहॅब कसं निवडायचं?

राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का ते कागद बघून विचारा. डॉक्टर रोज येतो का, रात्री फिट आली तर कोण बघणार, घरच्यांना भेटू देतात का. जिथे ‘सहा महिने तोंड बघू नका, आम्ही सरळ करतो’ म्हणतात तिथून उठा. मारणं, साखळीने बांधणं हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंद आहे.

बायकांचं वेगळं काही असतं का?

असतं. तेवढ्याच दारूने बाईच्या रक्तात प्रमाण जास्त चढतं आणि लिव्हर, हृदय लवकर बिघडतं. गरोदरपणात एक थेंबही सुरक्षित नाही. पण खरा अडथळा लाजेचा आहे, पुरुष प्यायला तर ‘घेतो जरा’ आणि बाई प्यायली तर तिचं चारित्र्य, म्हणून ती दार बंद करून पिते आणि घरचे पण लपवतात. बाईला घेऊन येताय तर कृपया ओरडत आणू नका.

चार महिने सोडली आणि परत प्यायला लागला. सगळं फुकट गेलं ना?

नाही. शुगरवाल्याची शुगर परत वाढली तर आपण औषध बंद करून त्याला घराबाहेर काढत नाही, डॉक्टरकडे नेतो, इथेही तेच. त्या चार महिन्यांत लिव्हरला आराम मिळाला, मुलांनी शुद्धीतला बाबा पाहिला, त्याला स्वतःला कळलं की जमतं. बघायचं ते हे की घसरला कुठे. पगाराच्या दिवशी, जत्रेत, भांडण झाल्यावर, की जुन्या ग्रुपसोबत, आणि त्या ठिकाणी पुढच्या वेळी काय करायचं ते काउन्सेलरसोबत ठरवायचं. ड्रग्सवाल्यांच्या बाबतीत एक धोका मात्र ठळक सांगते, काही महिने बंद ठेवल्यावर शरीराची सहन करायची ताकद उतरलेली असते, पूर्वीएवढाच डोस घेतला तर तोच ओव्हरडोस होतो.

तो यायलाच तयार नाही. मी काय करू?

तुम्ही एकट्या जा. खरंच. काउन्सेलर घरच्यांशी पण बोलतात आणि बऱ्याचदा बदल तिथून सुरू होतो. प्यायलेला असताना वाद घालू नका, सकाळी शुद्धीत असताना बोला, थोडक्यात, काल काय झालं तेवढंच, जुन्या दहा वर्षांची यादी नको. त्याच्या वतीने ऑफिसात खोटं बोलणं, बारची उधारी भरणं, सासरच्यांना तब्येत बरी नाही सांगणं, हे हळूहळू थांबवा, त्याला त्याच्या पिण्याचे परिणाम दिसू द्या. बाटल्या ओतून टाकण्यात ताकद घालवू नका, दुसरी येते, आणि रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली तर वर लिहिलेला धोका आहेच. आणि स्वतः जेवा, झोपा, माहेरी बोला.

पहिल्या भेटीला काय न्यायचं?

आधार कार्ड, जुन्या फायली, लिव्हर टेस्ट, सोनोग्राफी असेल तर. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटासकट. एका कागदावर लिहून न्या, साधारण किती वर्षांपासून, रोज किती, शेवटची कधी घेतली, आधी सोडताना फिट किंवा भास झाले होते का. सकाळी लवकर निघा, ओपीडीला गर्दी असते. येताना घेऊनच आला तर त्याला गेटवरून परत नेऊ नका, तसाच आत न्या आणि डॉक्टरला सांगा.